कात्रणांची लिपी

हस्ताक्षर लपवण्यासाठी वर्तमानपत्रातील अक्षरे कापून चिकटवावीत, ही युक्ती जुनीच. पण तिने माणूस लपतो का? कॉनन डॉयल यांच्या १९०१-०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीत शेरलॉक होम्स अशा पत्रातील ठशांवरून वर्तमानपत्र 'द टाइम्स' असल्याचे ओळखतो. शब्द नखे कापायच्या कात्रीने कापले, हेही सांगतो.

हीच निनावी लिपी पुढे एका कलावंताची जणू सहीच ठरली. १९७७ साली, इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाला २५ वर्षे झाल्याचा उत्सव चालू असताना, जेमी रीड यांनी 'सेक्स पिस्टल्स' या वाद्यवृंदाच्या तबकडीसाठी राणीचे डोळे आणि तोंड असल्या बेमेळ अक्षरांच्या पट्ट्यांनी झाकले. छोट्या छापखान्याच्या दिवसांत पैशाच्या चणचणीतून त्यांना ही रीत अंगवळणी पडली होती. रीड २०२३ मध्ये वारले. आता संगणकावर असे तयार टंक मिळतात. पण त्यांतील अक्षर पुन्हा आले की हुबेहूब तसेच येते, आणि कात्रीची सारी गंमत जाते.

रोमन अक्षरे सुटी, म्हणून हे साधते. गुजरातीलाही शिरोरेषा नाही. वडोदऱ्यातील माझ्या कचेरीत येणारे कात्रणांचे गुजराती अर्ज त्यामुळे बरेच नीटनेटके असत. (निनावी अर्ज दप्तरी दाखल करून मोकळे व्हावे, हा रिवाज.) मराठीतला मात्र एकच आला, माझ्याच नावे. शिरोरेषा जिन्याच्या पायऱ्यांसारखी वरखाली झालेली. रफार कात्रीखाली गेल्याने 'खर्च'चा 'खच' झालेला. मजकूर हसण्यासारखा नव्हता. न आलेल्या मालाची देयके मंजूर होत होती आणि लिहिणारा भेदरलेला होता. शिवाय घरी मराठी वर्तमानपत्र घेणारे कचेरीत आम्ही चारपाच जणच.

'पुरवठा' शब्दासाठी त्याला 'पु' सापडला नसावा. 'प' चिकटवून त्याखाली उकार पेन्सिलीने काढला होता, शेपूट लांब ओढलेला. त्या वळणाच्या टिपण्या माझ्यापुढे रोज येत. मी हे कोणाजवळ बोललो नाही. पुरवठ्याच्या पावत्या तेवढ्या दुसऱ्या दिवशी मागवून घेतल्या.