वखारीतील अभ्यासिका

पावसाळा सुरू झाला की सांगलीच्या व्यापारी पेठेचे लक्ष आयर्विन पुलाकडे लागते. 1929 साली उभारलेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे आकडे पेठेतील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी नदीने ही मर्यादा ओलांडली. दुकानांतील माल भिजला, वह्या भिजल्या आणि जुन्या घरांच्या भिंतींत शिरलेला ओलावा पुढे कित्येक महिने बाहेर पडला नाही.

अशाच एका दुमजली वास्तूत समाजाच्या न्यासाचे युवक केंद्र अनेक वर्षे चालत आले आहे. खाली वाचनालय व कॅरमची खोली, वर अभ्यासिका, संध्याकाळी हिशेबलेखनाचा वर्ग आणि रविवारी मुलींचे मंडळ. पेठेतील अनेक दुकानांच्या गादीवर आज बसणारे गृहस्थ कधीकाळी याच अभ्यासिकेत परीक्षांच्या आदल्या रात्री जागले आहेत. त्यामुळे अभियंत्याने इमारत तपासून अहवाल दिला, तेव्हा पेठेला घरातले कोणी आजारी पडल्यासारखे वाटले. तळमजल्याच्या मातीच्या भिंती उतरवून नव्याने बांधाव्यात, वाळवी लागलेल्या सागवानी तुळया बदलाव्यात, जोते उंच करावे आणि काम संपेपर्यंत आत कोणी बसू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

पैशांची व्यवस्था झाली. देणगीदार पुढे आले, जुन्या विद्यार्थ्यांनी हातभार लावला. अडचण जागेची होती. भाड्याने हॉल घ्यावा तर लग्नसराईत तो मिळत नाही. शाळेची खोली घ्यावी तर ती रात्री बंद होते. काहींनी सुचविले की चार महिने केंद्र बंदच ठेवावे. सूचना सोयीची होती; परंतु चार महिने बंद राहिलेले दुकान पुन्हा उघडले तरी जुने गिऱ्हाईक परत येतेच असे नाही, हे व्यापाऱ्यांच्या सभेत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यातच त्या वर्षी सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसणारी सात मुले होती. त्यांच्यापैकी तिघांच्या घरात अभ्यासाला स्वतंत्र कोपरासुद्धा नव्हता.

तेव्हा मार्केट यार्डातील एका अडतदारांनी आपली हळदीची वखार देऊ केली. पेठ त्यांना अण्णा म्हणते. सांगलीच्या हळद व्यवहाराचे स्वरूप ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या देणगीची किंमत कळेल. नवी हळद साधारण फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागते आणि मग वखारीचा प्रत्येक चौरस फूट मोलाचा होतो. दिवाळीपर्यंत जुना माल बराच उठतो, तरी उरलेल्या पोत्यांवर भाडे मिळतच असते. शिवाय हळदीला कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्यांची धुरी देतात, आणि धुरी चालू असलेल्या जागेत माणसाने बसायचे नसते. म्हणून अण्णांनी उरलेला सगळा माल दुसऱ्याच्या वखारीत भाडे भरून हलविला, जागा धुऊन चार दिवस उघडी ठेवली आणि मगच किल्ली दिली. अट एकच घातली : “जानेवारीच्या अखेरीस जागा मोकळी हवी. शेतकऱ्याला मी शब्द दिलेला आहे.”

दसऱ्यानंतर केंद्र हलले. पुस्तकांची कपाटे हातगाड्यांवरून गेली. टेबलांची उणीव होती, तेव्हा लाकडी फळ्या विटांवर मांडून लांब बाके केली गेली. भिंतींना हळदीचा वास होता तो शेवटपर्यंत गेला नाही. मुलांच्या वह्यांच्या कडा पिवळसर झाल्या आणि घरोघरी आयांनी सदऱ्यांच्या बाह्यांवरील डागांबद्दल तक्रार केली.

खरी अडचण मुलींच्या मंडळाची निघाली. सौदे संपले की यार्ड ओस पडते. रात्री तिथे मालमोटारी आणि राखणदार यांच्याशिवाय कोणी नसते. पालकांनी मुलींना पाठविण्यास नकार दिला आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पहिल्या तीन आठवड्यांत मुलींची उपस्थिती बावीसवरून पाचावर आली. विश्वस्तांच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, “तात्पुरतेच आहे, इमारत झाली की येतील.” त्यावर पेठेतील एक वृद्ध आक्का, ज्या सभेला सहसा बोलत नसत, म्हणाल्या, “मुलांसाठी वखार शोधलीत, मुलींसाठी धीर धरायला सांगता?” त्यांनी आपल्या वाड्याचा सोपा मंडळासाठी मोकळा केला. पुढच्याच रविवारी तिथे अठरा मुली जमल्या. केंद्राची दोन ठिकाणे झाली, खर्च थोडा वाढला, पण उपस्थितीची वही पुन्हा भरू लागली.

वखारीत मात्र एक वेगळीच गोष्ट घडत होती. यार्डात हमाली करणाऱ्यांची मुले संध्याकाळी वडिलांची वाट पाहत पोत्यांवर बसलेली असत. वखारीत दिवे लागत, आत मुले शांतपणे वाचत बसत. ही मुले आधी दारातून पाहत, मग उंबऱ्यावर बसू लागली. एके दिवशी लेखापालाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने त्यांतील एका मुलाला तिमाही परीक्षेतील गणित सोडवून दाखविले. महिन्याभरात अकरा मुले नियमाने येऊ लागली. कोणी ठराव केला नव्हता, कोणी मनाईही केली नव्हती. वखारीला पायरी नव्हती आणि दारावर पाटी नव्हती, एवढेच.

जानेवारी आला तेव्हा नव्या वास्तूचा तळमजला उभा राहिला होता, वरचा मजला अपुरा होता. एक महिना अधिक मागावा का, असा विचार निघाला. अण्णा नाही म्हणाले नसते, हे सर्वांना माहीत होते. म्हणूनच त्यांच्याकडे मागू नये, असे ठरले. जानेवारीच्या अखेरीस वखार झाडून, किल्ली परत करून केंद्र आपल्या गिलावा न झालेल्या भिंतींत परतले. पहिल्या आठवड्यात शेतकऱ्यांची हळद अण्णांच्या दारात उतरली.

आता प्रश्न त्या अकरा मुलांचा होता. तो बैठकीत आला तेव्हा दोन विश्वस्तांनी मनापासून हरकत घेतली. दात्यांनी ही वास्तू समाजाच्या मुलांसाठी दिली, न्यासाच्या लेखात तसे लिहिले आहे, आणि दिलेल्या दानाचा हेतू बदलणे विश्वस्ताला शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हिशेबाच्या सचोटीवर उभ्या असलेल्या पेठेत हा मुद्दा हलका नव्हता.

उत्तरादाखल एका ज्येष्ठाने जवळच्याच कुंभोजचे स्मरण करून दिले. तिथल्या जैन घरात 1887 साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली ती साताऱ्याला नेली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. “संस्थेने जागा बदलली,” ते म्हणाले, “पण दार कुणासाठी लहान केले नाही.”

दीर्घ चर्चेनंतर मधला मार्ग निघाला. वरच्या मजल्यावरील अभ्यासिका आणि शिष्यवृत्ती न्यासाच्या लेखाप्रमाणेच राहतील. तळमजल्यावरचे वाचनालय संध्याकाळी पाच ते सात सर्वांसाठी खुले राहील आणि त्याचा वाढीव खर्च न्यासाच्या निधीतून न काढता वेगळ्या वर्गणीतून भागविला जाईल. हरकत घेणाऱ्या दोघांपैकी एकाने त्या वर्गणीत पहिली रक्कम लिहिली. दुसऱ्यांनी आपले मत कायम ठेवले आणि तसे इतिवृत्तात नोंदवून घेतले.

तथापि ठराव झाला म्हणून मुले आली असे नाही. यार्डापासून पेठ लांब आहे, आणि हमालाच्या मुलाला वडिलांच्या कामाची जागा सोडून एवढे अंतर चालत येणे सोपे नसते. अकरांपैकी चारच जण येऊ लागले. उरलेल्या सातांची चौकशी करायला लेखापालाच्या परीक्षेचा तो तरुण यार्डात गेला, तेव्हा ती मुले पूर्वीप्रमाणेच पोत्यांवर बसलेली त्याला दिसली. आता दर शनिवारी पुस्तकांची एक पेटी अण्णांच्या टेम्पोतून यार्डात जाते आणि पुढच्या शनिवारी परत येते. परत आलेल्या पुस्तकांना हळदीचा वास असतो. ग्रंथपालांनी त्यासाठी वेगळा कप्पा केला होता. अलीकडे ती पुस्तके इतरांबरोबरच ठेवली जातात.