गिरणी सुटताना

गिरणगावातल्या शाहिरी कलापथकांचे तंत्र अडचणीतून घडले. मोठी वर्तमानपत्रे भांडवलदारांच्या हाती होती. 1946 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'ही उद्योगपती रामकृष्ण दालमियांकडे गेला. रेडिओ सरकारचा. कामगारांची बाजू मांडायला गळा, डफ आणि नाका एवढेच उरत होते. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले ते याच बळावर.

गिरणीच्या फाटकावरचा कार्यक्रम पाळी सुटण्याच्या वेळेवर बेतावा लागतो. भोंगा झाला की दमलेला, भुकेला माणूस घराकडे निघतो. त्याला आधी डफाची थाप थांबवते, शब्द नंतर. म्हणून सुरुवातीची चाल त्याच्या ओळखीची हवी. नवी चाल ऐकायला उभा राहण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. झीलकरी शाहिरामागे रांगेत उभे न राहता गर्दीत विखुरले, तर शेजारचे लोकही झील धरू लागतात आणि कोंडाळे आपोआप घट्ट होते. माईक नसल्यामुळे ओळ एका दमात संपेल इतकीच लांब ठेवायची.

अण्णाभाऊंची खरी हुशारी तमाशाच्या घडणीत दिसते. गण राहिला, पण त्यात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले. गवळण गळली. गावाकडून आलेला गिरणी कामगार गणाच्या सवयीने उभा राही आणि त्याच जागी त्याला आपल्यासारख्यांचे नाव ऐकू येई. परका साचा वापरला असता तर हे साधले नसते. मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, अण्णाभाऊंच्या 'माझी मुंबई' या लोकनाट्यालाही मनाई केली, तेव्हा तोच आशय लोकगीतांतून वस्त्यांत फिरला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला 15 नोव्हेंबर 1956 रोजी आचार्य अत्र्यांचे 'मराठा' हे दैनिक मिळाले, तरी सभेचे मैदान अमर शेखांच्या पहाडी आवाजानेच भरे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या दशकात आव्हान नाट्य मंचाने पथनाट्य आणि गाणी वस्त्यांत नेली. विलास घोगरे, संभाजी भगत त्यातलेच. घोगऱ्यांचे गाणे आनंद पटवर्धनांच्या 'बॉम्बे अवर सिटी' (1985) या माहितीपटातही आहे. पथनाट्याला विंग नसते, प्रेक्षक चारी बाजूंनी असतात. कुणाकडे तरी पाठ होणारच. त्यामुळे नटाला सतत फिरत राहावे लागते. खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला की मुकादम, कमरेला कसला की हमाल, एवढ्यावर पात्र उभे करायचे.

या पद्धतीची मर्यादाही मोठी आहे. वर्तमानपत्र रोज सकाळी दारात येते, पथक महिन्यातून एकदाही येईलच असे नाही. मधल्या दिवसांत ऐकणाऱ्यानेच गाणे चालवले पाहिजे. त्यासाठी धृपद वाद्याविना गाता यावे लागते, आणि गावातला सावकार काढून गिरणीमालक घातला तरी चाल मोडता कामा नये.

आता परळ-लालबागच्या बऱ्याच गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालये आहेत. हजारो माणसे एकदम बाहेर सोडणारी पाळी संपली, तशी आयती गर्दीही संपली. 6 डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, शिवाजी पार्कात मात्र ती असते. तिथे पुस्तकांच्या स्टॉलांमध्ये गाणाऱ्या पथकांना श्रोते गोळा करावे लागत नाहीत. चहूकडच्या लाउडस्पीकरांच्या गोंगाटातून शब्द स्पष्ट पोचवणे, हेच तिथले कसब.