विहिरीवरचा खोपा

आमची शाळा उर्दू माध्यमाची, सोलापुरातली. मी पाचवीला उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील यंत्रमागावर आहेत, आया घरी विड्या वळतात. धड्यात ‘माळरान’ हा शब्द आला की मी फळ्यावर अर्थ लिहायचे, ‘खुला मैदान’. मुलं उतरवून घ्यायची. मैदान म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर क्रिकेटचं मैदान येतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी पुढच्या शब्दाकडे वळायचे.

खरं माळरान शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, नान्नजला. १९७९ मध्ये तिथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट, पण गवताळ रान आहे, काळवीट आहेत. बी.एड.ला मी ‘क्षेत्रभेट’ या पद्धतीवर छान पाठ टाचण काढलं होतं, गुणही मिळवले होते. त्यानंतर पंधरा वर्षं शिकवलं आणि एकाही वर्गाला घेऊन तिकडे गेले नाही.

निमित्त झालं पक्षी सप्ताहाचं. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा सप्ताह पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला डॉ. सालिम अलींचा. चितमपल्ली जन्माने सोलापूरचेच. सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्या प्रश्नामागे गेलं. हे सांगून मी नाव फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, ये अपने वाले हैं क्या?”

मी हो म्हणाले. मुलं खूश झाली. मला मात्र रात्रभर तो प्रश्न टोचत राहिला. पक्षी, रान, माळ हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी आहे, असं दहा वर्षांच्या मुलाला का वाटावं? मग लक्षात आलं, मी तरी त्याला ते कधी दाखवलं होतं?

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सहल ठरवली. परवानगीपत्रं वाटली ३८, सही होऊन परत आली १९. मुलींची तर चारच. मग मी घरोघर गेले. एका आईने हातातली विडी न थांबवता विचारलं, “चिड़ियाँ तो घर पे भी आतीं, उसके लिए इत्ता दूर कायकू?” तिला समजावणं सोपं होतं. अवघड होते एक वडील. पाळी संपवून नुकतेच आले होते. हळू आवाजात म्हणाले, “टीचर, उधर कोई कुछ बोलेंगे तो नहीं ना? बच्चे टोपी में, आप बुरखे में.”

मी म्हणाले, काही होणार नाही. हे मी कशाच्या आधारावर बोलले, मलाच माहीत नव्हतं. त्यांनी सही केली.

शेवटी ३१ मुलं निघाली. बसमधून उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. ओरडून उपयोग नव्हता. मग सांगितलं, सगळ्यांनी गवतात बसायचं, डोळे मिटायचे आणि कानावर पडणारे आवाज बोटांवर मोजायचे. पाच मिनिटांनी कुणी चार म्हणालं, कुणी नऊ. एक मुलगी म्हणाली, “टीचर, यहाँ खटखट नहीं है.” तिच्या घरात दिवसरात्र माग चालतो. आवाज नसणं म्हणजे काय, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

माळाच्या कडेला एक शेत होतं, त्यात विहीर आणि विहिरीवर वाकलेली बाभूळ. बाभळीला सुगरणीचे खोपे लटकत होते. मुलं तिकडे धावली. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन झपाझप आले. त्या वडिलांचा प्रश्न माझ्या कानात वाजला. मी मुलांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

“कुठल्या शाळंची पोरं, बाई?”

“सोलापूरची, मामा. खोपे बघायला आणलीत.”

“बघा की. पर हिरीवर नगा जाऊ देऊ, कठडा न्हाई तिला.”

असं म्हणून ते स्वतःच विहिरीच्या काठावर काठी आडवी धरून उभे राहिले. आम्ही होतो तोवर, अर्धा तास तरी, हलले नाहीत.

विणीचा हंगाम पावसाळ्यातला, त्यामुळे खोपे रिकामे होते. झाडावरचं काहीच तोडायचं नाही हे आधीच बजावलं होतं. खाली पडलेला एक खोपा उचलून हातोहात फिरवला. उर्दूत हा बया, मराठीत ही सुगरण. मराठी नाव बाईचं, पण विणतो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पारखते, तिला पसंत पडला तरच तो पुरा करतो. मुली फार हसल्या.

त्या वडिलांचा मुलगा मात्र खोप्यात बोट घालून काहीतरी शोधत होता. वर्गात तो क्वचितच बोलतो. म्हणाला, “टीचर, ये देखो गिठान. तार टूटा तो अब्बा भी अइसीच मारते.” मग त्याने सगळ्यांना मागावरची गाठ दाखवली, गवताच्या दोन काड्या घेऊन. मी बाजूला उभी राहून शिकले.

खोपा आता वर्गाच्या खिडकीत टांगला आहे. निकालाच्या दिवशी ते वडील आले, तो उतरवून बराच वेळ उलटसुलट पाहत राहिले. म्हणाले, “इसकी चोंच ही धोटा है.” ही ओळ मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर मराठीत लिहिली.

यंदाच्या परवानगीपत्रात मी एक ओळ वाढवली आहे, ‘मुलांना विहिरीजवळ जाऊ दिले जाणार नाही.’ खरा धोका तो होता आणि तो माझ्या ध्यानातही नव्हता. दुसऱ्या भीतीबद्दल काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही. एक भला माणूस भेटला म्हणून ती भीती खोटी ठरत नाही. पण तिच्यासाठी मुलांना वर्गात कोंडून ठेवणं मला आता जमणार नाही. या वेळी ३८ पैकी ३४ सह्या आल्या आहेत. उरलेल्या चार घरी या रविवारी जाणार आहे.