हौसेचा तंबू

सायकल हे वाहन आपल्या वसईला नवे नाही. भाजी, फुले, दूध, विड्याची पाने यांचे ओझे कॅरिअरला बांधून भल्या पहाटे स्टेशन गाठणारी माणसे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत होऊन गेली. माझे वडील त्यांतलेच. परंतु पोटापाण्याचे काही कारण नसताना, साठीच्या उंबरठ्यावर, सायकलवर तंबू लादून लांबच्या फेरीस एकट्याने निघणे हे घरात कोणालाच रुचले नाही. ‘एवढे कसले प्रायश्चित्त घेतोस रे?’ असे थोरल्या बहिणीने विचारले. तिला मी १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघालेल्या पारशी तरुणांची हकीकत सांगितली. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रवास पुरा करून परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने तर २०१८ साली एकटीने पृथ्वीला वळसा घातला, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. बहिणीचे समाधान झाले नाही. सामानात आगाशीच्या सुकेळीची पुडी मात्र तिने आठवणीने ठेवली.

बेत असा होता : गोखिवऱ्याहून मनोर, विक्रमगड, जव्हार, त्र्यंबक, नाशिक, तेथून संगमनेर, आळेफाटा, आणि माळशेज घाट उतरून कल्याण-भिवंडीमार्गे घरी. आठ दिवस. त्यांतला पहिला दिवस मनात घर करून राहिला आहे, आणि लिहायचे आहे ते त्याच्याविषयीच.

डिसेंबरातली पहाट होती. तुंगारेश्वराच्या डोंगरावर धुके होते आणि रेंज नाक्यावर मजूर उभे होते. गोखिवऱ्यातील एका लहान कारखान्यात मी तीस वर्षे लेथवर काम केले. हा घोळका कामावर जाता-येता रोजचाच. कोणी जव्हारचा, कोणी मोखाड्याचा, कोणी विक्रमगडचा. ही नावे मला तोंडपाठ होती. ते अंतर मात्र पायांनी कधी मोजले नव्हते.

वसई फाट्यापासून मनोरपर्यंतचा महामार्ग सायकलस्वाराला आनंद देणारा नव्हे. मालमोटार शेजारून गेली की वाऱ्याचा झोत प्रथम बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. मागे अठरा किलो सामान असले की हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरावे लागते. तानसा ओलांडली, वैतरणा ओलांडली. ह्याच वाटेने, पण उलट्या दिशेने, सूर्या नदीचे पाणी नळांतून आपल्याकडे येते. २०२३ च्या अखेरीस सुरू झालेल्या नव्या योजनेत वसई-विरारचा वाटा दिवसाला साडेअठरा कोटी लिटरचा. मीरा-भाईंदरचे पाणी नेण्यासाठी तर आपल्या तुंगारेश्वराच्या पोटातून सुमारे साडेचार किलोमीटरचा बोगदा खणला आहे. नळ सोडताना हे कोणाच्या ध्यानात येते? चढावर पेडल मारताना घसा सुकला की येते.

मनोरला महामार्ग सोडला आणि एकाएकी कान मोकळे झाले. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसते खुंट उरलेले. सागाची पाने तांबूस पडू लागली होती. विक्रमगडच्या बाजारात चहा आणि वडापाव घेतला. पुढे जव्हारचा घाट. जव्हार साडेचारशे मीटर उंचीवर आहे. त्या दिवशी तेथवर पोहोचण्याचा हट्ट मी धरला नाही. एकट्याने फिरणाऱ्याने सूर्य मावळण्याच्या तासभर आधी थांबावे, आधी पाणी मागावे, मग जागा मागावी, आणि कोणाला विचारल्याखेरीज मेख ठोकू नये. तंबू टाकण्याची विद्या ती एवढीच. बाकीचे सारे दुकानात विकत मिळते.

रस्त्यापासून थोड्या आत एक पाडा दिसला. जिल्हा परिषदेच्या शाळेचे अंगण स्वच्छ झाडलेले होते. पण पंधरा-वीस घरांपैकी निम्म्यांची दारे बंद, कड्यांना चिंधी किंवा तार बांधलेली. एका अंगणात म्हातारी नागली पाखडत बसली होती. तिला विचारले. ‘झोप बाबा, शाळा कोणाची आडली आहे?’ ती म्हणाली, आणि हंड्यातले पाणी तांब्यात ओतून पुढे केले. तो हंडा विहिरीवरून आलेला होता. सूर्येवरचे धामणी धरण ह्याच विक्रमगड तालुक्यात आहे.

माणसे कोठे गेली, हे तिने न विचारता सांगितले. दिवाळी झाली की उचल घेऊन घरेच्या घरे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिची लेक, जावई आणि चौथीतली नात पारोळच्या बाजूला एका भट्टीवर होती. पारोळ! माझ्या घरापासून सायकलने दीड-दोन तास. मी सकाळी तिच्या लेकीच्या मुलखातून निघून संध्याकाळी तिच्या दारी आलो होतो, आणि लेक माझ्या मुलखात विटा थापीत होती. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. समित्या आल्या, योजना आल्या. २०१४ साली पालघर जिल्हाही वेगळा झाला. दारांना तारा मात्र अजून दर दिवाळीनंतर बांधाव्या लागतात.

तंबू उभा करू लागलो तशी पाच-सहा मुले आणि दोन म्हातारे भोवती जमले. लवचिक काठ्या एकमेकींत बसल्या, कापड ताणले गेले, दहा मिनिटांत घर तयार. मुलांना फार मौज वाटली. एका म्हाताऱ्याने कापड बोटांनी चाचपले आणि विचारले, ‘घर नाही का तुला?’ आहे, म्हणालो. ‘मग ह्यात कशाला?’ जगप्रवाशांच्या हकीकती बहिणीसाठी ठीक होत्या. येथे मी ‘हौस’ एवढेच म्हणालो. तो समजुतीने हसला. भट्टीवर त्याच्या मुलांची झोपडी कच्च्या विटा रचून वर गवत, प्लॅस्टिक टाकून उभी असते, हे तो हात हलवून दाखवीत सांगू लागला. तीही दहा मिनिटांत नसली तरी एका दिवसात होते, असे त्याने अभिमानाने सांगितले.

रात्री थंडी पडली. लांबून एखादी गाडी घाट चढताना ऐकू येई, आणि मधूनमधून म्हातारीचा खोकला. चांगले अंथरूण असूनही मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

सकाळी निघताना तिने फडक्यात बांधलेले शेरभर नागलीचे पीठ आणून दिले. ‘लेकीला दे. तिकडची नागली तिला गोड लागत नाही.’ आधी पुढे नाशिकला, मग लांबचा फेरा घेऊन घरी जाणार, आठ दिवस लागतील, हे तिला समजावले. ‘लागूं देत,’ ती म्हणाली. ते गाठोडे त्र्यंबकचा चढ चढले आणि माळशेज उतरले. ऐन घाटात सामान हलके करण्याचा विचार आला तेव्हा स्टोव्हचे डबे दुसऱ्याला देऊन टाकले, पीठ राहू दिले.

आठव्या दिवशी भिवंडीहून वज्रेश्वरीच्या रस्त्याने येताना पारोळला वळलो. दोन भट्ट्यांवर चौकशी केल्यावर तिसरीवर ती सापडली. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. ते धुऊन तिने गाठोडे सोडले, चिमूटभर पीठ तोंडात टाकले, आणि आईचा खोकला थांबला का, एवढे विचारले. मी रात्रभर ऐकला होता. तसे तिला सांगितले.