लुटणाऱ्यांच्या दप्तरातून

बर्लिन

ती. आईस सा. न.

काल पॉट्सडॅममधल्या अभिलेखागारात पणजीचं अक्षर पाहिलं. थेट आजीसारखं, उजवीकडे कललेलं.

१९४१च्या ऑक्टोबरात बर्लिनमधल्या ज्यूंना पूर्वेकडे पाठवायला सुरुवात झाली. नेण्याआधी त्यांच्याकडून सोळा पानी छापील फॉर्म भरून घेत: खुर्च्या किती, अभ्रे किती, बँकेत काय. पणजीने एकही रकाना सोडलेला नाही. स्वयंपाकघरात किसणी, चाळण, केकचे दोन साचे. सहीत मधेच ‘सारा’. हे नाव १९३९पासून ज्यू बायकांवर लादलेलं. माणसं गेल्यावरही फाइल वाढतच गेली आहे. सामानाची किंमत कुणी ठरवली, घरमालकाने राहिलेलं भाडं कुणाकडे मागितलं, गॅसचं शेवटचं बिल कुणी भरायचं. सगळ्यात जास्त राग मला या पानांचा आला.

आपल्या माणसांची एवढी बारीक नोंद फक्त त्यांना लुटणाऱ्यांच्या दप्तरात उरावी! पण पणजी केक करायची, हे त्याच दप्तरामुळे कळलं. आजी याबद्दल कधी बोललीच नाही.

आज ग्रुनेवाल्ड स्टेशनच्या १७ नंबरच्या फलाटावर गेले. कडेने १८६ पोलादी पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर तारीख, माणसांचा आकडा आणि गाडी कुठे गेली ते. पहिली १८ ऑक्टोबर १९४१ची. पणजी-पणजोबा दोघं वूचला गेलेल्या त्याच गाडीत होती.

तुझी,
थोरली

वूच, पोलंड

ती. आईस सा. न.

जर्मनांनी या गावाचं नाव लिट्झमानश्टाट करून टाकलं होतं. एप्रिल १९४०मध्ये ज्यूंना कोंडलेला गेटो बंद केला तेव्हा आत सुमारे १,६०,००० माणसं होती. पुढच्या वर्षी बर्लिन, व्हिएन्ना, प्राग वगैरे शहरांतली सुमारे २०,००० त्यांत आणखी कोंबली.

पणजोबा फेब्रुवारी १९४२मध्ये गेले. ज्यू दफनभूमीत गेटोतल्या मृतांसाठी वेगळं मैदान आहे, गवत माजलेलं. बहुतेक कबरींवर दगड नाहीत. त्यांची नक्की जागा मिळाली नाही, तरी मी बराच वेळ तिथे फिरले.

पणजीला मे महिन्यात हेल्मनोला नेलं. बंद ट्रकमध्ये इंजिनाचा धूर सोडून तिथे माणसं मारत. पहिल्या महायुद्धात ‘लोहक्रॉस’ मिळालेल्यांना त्या वेळी वगळलं होतं. पणजोबांना तो मिळाला होता, पण ते आधीच गेलेले. तुझ्या कपाटातला, परत आलेला रेडक्रॉसचा निरोप आजीने दादरहून त्याच उन्हाळ्यात पाठवला होता. पंचवीसच शब्दांची मुभा असे. तिने ते लिहिले तेव्हा वाचणारं कुणी उरलं नव्हतं.

गेटोतून कधी रवानाच न झालेली पोस्टकार्डं इथल्या अभिलेखागारात जपली आहेत. त्यांत आपलं एकही नाही.

आता एक विचारायचं आहे. बर्लिनमधल्या पणजी-पणजोबांच्या घरासमोर पदपथात दोघांच्या नावाचे पितळी दगड बसवण्यासाठी अर्ज करते आहे. गुंटर डेम्निग या कलावंताने सुरू केलेलं हे काम. दगड जेमतेम दहा सेंटिमीटर लांबरुंद. जे देश सोडून वाचले, त्यांचेही दगड घरच्यांशेजारी बसवतात. म्हणजे आजीचाही बसवता येईल: नाव, जन्मवर्ष, १९३८मध्ये मुंबईला पलायन. मला वाटतं, बसवावा. तिला आईवडिलांचा निरोपही धड घेता आला नव्हता. पण ती तुझी आई. तू नको म्हणालीस तर दोनच नावं देईन. लवकर कळव.

तुझी,
थोरली