दारं फोडलं त्या रात्री

आज पिकाचं थोडं कमी आणि माणसाचं जास्त लिहितोय. सांभाळून घ्या.

गहू ४२ दिवसांचा होता. कांडी धरायची वेळ, म्हणजे पाणी चुकवून चालत नाही. पाटाच्या पाळीत माझा नंबर रात्री ११ ते पहाटे ५. रान पोटचारीच्या पार टेलला, त्यामुळे वर कुणी काय केलं ते आमच्या वाफ्यात लगेच कळतं. दोनच्या सुमाराला पाणी निम्म्यावर आलं, अडीचला नुसता गाळ. बॅटरी घेऊन चारीच्या कडेनं वर गेलो. शेजारच्या तात्यांनी चारीत दगड-गोणपाट लावलेलं, दारं फोडलेलं, आणि माझं पाणी त्यांच्या गव्हात.

वडिलांच्या वयाचा माणूस, पण तोंडाला येईल ते बोललो. तात्या एक शब्द बोलले नाहीत. खाली मान घालून खोऱ्यानं दारं बुजवायला लागले. पाणी परत माझ्याकडं पोचायला चार वाजले. पाचला पाळी संपली. पाऊण एकर कोरडंच राहिलं.

सकाळी अर्ज लिहिला. पाटबंधारे कायदा १९७६ चा आहे, दुसऱ्याचं पाणी वळवणं हा त्यात गुन्हाच. पुराव्याला उजेडातले फोटो हवेत म्हणून त्यांच्या बांधावर गेलो.

फोटो काढायला मोबाईल वर धरला आणि नजर पिकाकडं गेली. सवयच ती. जिथं रात्रीचं पाणी पोचलं नव्हतं तिथली पानं सकाळी आठलाच गुंडाळलेली. फुटवे दोन, कुठं तीन. माझ्याकडं त्याच आठवड्यातल्या पेऱ्याला सहा-सात. खुरप्यानं उकरून पाहिलं, वीतभर माती आणि खाली मुरूम. आमची पाळी येते तीन-साडेतीन आठवड्यांनी. माझं काळं रान तेवढे दिवस ओल धरतं. त्यांचं दहा-बारा दिवसांत कोरडं ठक्क. विहिरीला पाणी तासभराचं. पाळी एकरावर ठरते, मातीवर नाही. इतकी वर्षं शेजारी राहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग नको ते आठवलं. २०१८ चा दुष्काळ. पुढच्या उन्हाळ्यात पिण्यासाठी आवर्तन सोडलं होतं, उपसा बंद होता. तरी मी तीन रात्री पाटावर इंजिन लावून डाळिंबाला पाणी दिलं. त्याला मी चोरी म्हटलं नव्हतं. बाग वाचवली म्हटलं होतं. खाली कुठल्या गावाचा हंडा रिकामा राहिला, ते बघायला मी गेलो नाही.

दुपारी तात्यांच्या वस्तीवर गेलो. म्हटलं, "तात्या, मागायचं होतं ना."
ते म्हणाले, "मागितलं असतं तर दिलं असतंस का?"
खरं सांगतो, दिलं नसतं. मी गप्प बसलो. मग तेच म्हणाले, "चुकलं माझं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

चूक ती चूकच, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पुढच्या पाळीत त्यांचे दोन तास माझे, हे ठरलं. माझा तुषार संच शेडमध्ये धूळ खात होता, तो त्यांना वापरायला दिला. विहिरीच्या तासभराच्या पाण्यात मोकाट भिजवण्यापेक्षा रान जास्त भिजतं. फुलोऱ्याच्या पाण्याला तात्या स्वतः रात्रभर चारीवर राखणीला बसले होते.

त्या पाऊण एकराला उतारा कमी आला. मळणीच्या दिवशी पोती मोजताना राग परत आला, खोटं कशाला बोलू. दया आली म्हणून नुकसान भरून निघत नाही. पण अर्ज दिला असता तर दंड झाला असता, बांधावर वैर आलं असतं, आणि मुरूम तिथंच राहिला असता.

आता पाणीवापर संस्थेच्या बैठकीत विषय मांडणार आहे : हलक्या रानाला पाळी कमी तासांची, पण लवकर लवकर द्यायची. तेवढंच एकूण पाणी, फक्त वाटणी वेगळी. तुमच्याकडं कुठं असं केलंय का? केलं असेल तर कसं जमवलं ते लिहा. आणि टेलवाल्यांनो, रात्री वर जाताना बॅटरी न्याच. फक्त एकदा दिवसाउजेडीही जाऊन या.