पट्ट्याची कड

टफन्ड काचेच्या पृष्ठावरचा दाब मोजताना खरी परीक्षा कोन वाचण्यात असते. थेंब टाकला, प्रिझम टेकवला, लेसर टिन बाजूच्या, म्हणजे काच बनताना वितळलेल्या कथिलाला टेकलेल्या बाजूच्या, पातळ थरातून सरकला आणि भिंगात पट्टे तिरपे दिसले, इथवर नवशिकाही पहिल्याच दिवशी पोचतो. मग चकतीवरची रेघ पट्ट्याला समांतर लावायची आणि अंश वाचायचे. इथे मी आयुष्य घालवलं.

दाब त्या कोनाच्या टॅन्जन्टच्या प्रमाणात असतो. ४५ अंशांवर वाचन एका अंशानं हललं, तर उत्तर साडेतीन टक्क्यांनी हलतं. ७० वर साडेपाच, ७५ वर सात टक्क्यांनी. अमेरिकी एएसटीएम मानकात पूर्ण टफन्ड काचेला किमान ६९ मेगापास्कल दाब लागतो, हीट-स्ट्रेन्दन्ड काचेला २४ ते ५२. आता पट्टा सत्तर अंशांवर आहे आणि दाब ६९ च्या आसपास आहे असं धरा. एका अंशात जवळजवळ चार मेगापास्कल येतात किंवा जातात. म्हणजे माल पास की नापास, हे माझी रेघ केसभर कुठे थांबते त्यावर ठरतं.

मी नेहमी पट्ट्याची कड धरत आलो. काळं संपून लाल सुरू होतं त्या सीमेवर रेघ टेकवायची, श्वास रोखायचा, वाचायचं. माझे आकडे जुळत. कारखान्यात दोघांचं पटेना झालं की मला बोलावत, आणि मी भिंगाला डोळा लावला की मागची माणसं गप्प होत. ती शांतता मला फार आवडायची. कित्येकदा आकडा कळल्यावरही मी डोळा लगेच उचलत नसे.

आदिलाबादेत परतलो, आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. पट्टा दिसतो, पण कड विरघळली आहे. आता उपकरण भाची चालवते. ती भिंगाच्या जागी कॅमेरा बसवते आणि पडद्यावर पट्ट्याच्या मधोमध, सर्वांत काळ्या जागेतून रेघ ओढते. म्हणाली, "मामा, कड उजेडाबरोबर सरकते. मध्य सरकत नाही." लेसरचा उजेड वाढवला की काळा पट्टा बारीक होतो, कमी केला की रुंदावतो, हे मलाही ठाऊक होतं. पण माझं म्हणणं, उजेड कायम ठेवला आणि हात तोच असला तर कडही तितकीच खरी. यावर आमचं अजून मिटलेलं नाही. तिचा आकडा माझ्या जुन्या आकड्याशी जुळला की मला आनंद होतो, आणि तो तिच्यासाठी नसतो, हेही सांगून टाकतो.

एका गोष्टीत मात्र तिला माझं ऐकावं लागतं. कापसाच्या हंगामात इथल्या हवेत तंतू असतात. प्रिझमखाली एखादा सापडला की प्रकाश विखुरतो, पट्टे फाटतात, आणि कॅमेरा त्या फाटक्या पट्ट्यालाही निमूट कोन देतो. पुसणं आणि पुन्हा पुसणं हे हाताचंच काम आहे.

या धंद्यात मला राग येतो तो फोडून दाखवणाऱ्यांचा. युरोपच्या ईएन १२१५० मानकात नेहमीच्या जाड्यांना पाच सेंटिमीटरच्या चौकोनात किमान ४० तुकडे मागितले आहेत. ते एक नमुना फोडतात, तुकडे मोजतात आणि दाखला देतात. पण फुटली ती काच कचऱ्यात गेली. दुकानाला बसली ती वेगळीच. दुसरे ध्रुवण चष्मा लावून ठिपके बघतात आणि "टफन्ड आहे" म्हणतात. ठिपके हीट-स्ट्रेन्दन्ड काचेतही दिसतात. काचेवर ताण पडला की ती प्रकाश दुभंगते, हे डेव्हिड ब्रूस्टरनं १८१५–१६ मध्येच दाखवलं. दोनशे वर्षांनंतरही माणसं ठिपके बघून समाधान मानतात आणि आकडा मागत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या घरी प्रभाकर कंदील होता, कराडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगल्यांनी १९१६ मध्ये कारखाना काढला. कंदिलाची काच ज्योतीनं तडकू नये म्हणून तिच्यातला ताण सावकाश निववून काढावा लागतो. आम्ही मात्र सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवलेल्या काचेवर गार वारा मारून ताण मुद्दाम भरतो. दोन्हीकडे कसोटी तीच: आत किती आहे, ते कळलं पाहिजे.

म्हणून काचेचं काम करणाऱ्या गावातल्या सगळ्यांना विनंती. हे उपकरण फक्त टिन बाजूवरच वाचतं. बसवण्याआधी आखूड लहरीचा अतिनील दिवा धरा. जी बाजू दुधाळ चमकेल ती टिनची. वरच्या मजल्यावर ती बाजू खोलीच्या आत ठेवा. बाहेर गेली तर परांची बांधल्याशिवाय ती काच कुणालाही मोजता येणार नाही.